शेजारच्या देशाची वीज घेतली की आपण त्याच्या मुठीत?

समाजमाध्यमांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: शेजारी देशाशी विजेच्या तारा जोडल्या की बटण त्याच्या हातात जातं, त्याच्याकडे बिघाड झाला की आपणही अंधारात, ऊन सगळ्यांकडे एकाच वेळी पडतं, मग देवाणघेवाण करायची कशाची? म्हणून प्रत्येक देशाने आपल्यापुरती वीज आपणच बनवावी. पुरावा म्हणून २०२२ मध्ये रशियाने युरोपचा गॅस रोखला, ते दिलेलं असतं. स्वावलंबनाचं नाव निघालं की माणूस पुढचं न वाचता मान डोलावतो, आणि तिथेच हा मजकूर घातक ठरतो.

रशियाचा दाखला आधी घेऊ, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या गॅस आयातीपैकी सुमारे ४५ टक्के गॅस एकट्या रशियाचा होता. विकणारा एक आणि पाइपातून माल येणार एकाच दिशेने. असा व्यवहार धोक्याचा, यात वाद नाही. पण त्याच वर्षी सुरू झालेल्या रशिया-युक्रेन युद्धातली विजेची गोष्ट हा मजकूर सांगत नाही.

युक्रेनचं ग्रीड, म्हणजे वीजकेंद्रं आणि तारांचं जाळं, सोव्हिएत काळापासून रशिया आणि बेलारूसशी जोडलेलं होतं. युरोपच्या ग्रीडमध्ये जाण्याआधी एकट्याने चालून दाखवायचं, म्हणून २४ फेब्रुवारी २०२२ च्या मध्यरात्रीनंतर त्यांनी त्या तारा सोडवल्या. चाचणी तीन दिवसांची होती. काही तासांतच रशियाचा हल्ला सुरू झाला. परत जुन्या तारा जोडणं शक्यच नव्हतं. जवळजवळ तीन आठवडे एवढा मोठा देश, अणुवीज केंद्रांसकट, एकट्याने ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला ५० आवर्तनांची लय, सांभाळत राहिला. विजेची मागणी आणि निर्मिती क्षणोक्षणी जुळवायची, आणि चूक झाली तर सावरायला शेजारी कुणी नाही. १६ मार्चला युक्रेन आणि मोल्दोवा युरोपच्या ग्रीडला जोडले गेले. त्या उन्हाळ्यात युक्रेनने युरोपला वीज विकली. ऑक्टोबरमध्ये वीजयंत्रणेवर क्षेपणास्त्रं पडू लागली तेव्हा निर्यात थांबवावी लागली, आणि पुढे त्याच तारांवरून वीज आत येऊ लागली. विकणारा सहा महिन्यांत घेणारा झाला. गॅसच्या त्या पाइपाला हे कधी जमलं असतं?

लिथुआनिया, लात्विया आणि एस्टोनियानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये रशियाचं ग्रीड सोडलं. ते एकटे राहिले नाहीत. दुसऱ्याच दिवशी पोलंडमार्गे युरोपशी जोडले गेले. वाईट शेजाऱ्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे आणखी शेजारी.

आता बिघाडाचं. बिघाड तारेवरून पसरू शकतो, हे खरं आहे. पण २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, ते पाहा. स्पेनमध्ये व्होल्टेज प्रमाणाबाहेर चढलं, केंद्रं एकामागून एक बंद पडली आणि फ्रान्सकडची जोडणी संरक्षक यंत्रणेने आपोआप तोडली. फ्रान्सचं ग्रीड उभं राहिलं. खरी कसोटी त्यानंतरची. बंद पडलेलं औष्णिक केंद्र सुरू करायलाही आधी वीज लागते: पंप फिरवायला, पंखे चालवायला, नियंत्रण कक्ष जागा ठेवायला. ती पहिली वीज स्पेनला स्वतःच्या जलविद्युत केंद्रांबरोबरच फ्रान्स आणि मोरोक्कोच्या तारांवरून मिळाली. मजकुराचा सल्ला मानला असता तर त्या तारा तिथे नसत्याच. शिवाय जिथे बिघाडाची धास्ती जास्त, तिथे डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची) जोडणी करता येते. भारत आणि बांगलादेश यांच्यामध्ये भेरामारा इथे २०१३ पासून अशीच जोडणी आहे. तिच्यातून वीज जाते, पण दोन्ही ग्रीडची फ्रिक्वेन्सी स्वतंत्र राहते, त्यामुळे एकीकडचा बिघाड दुसरीकडे सहज पसरत नाही.

उन्हाचा मुद्दा अर्धाच खरा. स्वच्छ ऊर्जा म्हणजे फक्त सौर पॅनेल नव्हेत. नॉर्वे आणि जर्मनी २०२१ पासून १,४०० मेगावॅटच्या समुद्राखालच्या केबलने जोडलेले आहेत. उत्तर जर्मनीत वारा जोरात असला की नॉर्वे ती वीज घेतो आणि आपलं पाणी धरणात राखून ठेवतो. वारा पडला की तेच पाणी टर्बाइनवर सोडतो. बॅटरी न बांधता बॅटरीचं काम होतं. नेपाळमध्ये पावसाळ्यात नद्या भरतात आणि वीज उरते, हिवाळ्यात पाणी आटलं की भारताकडून घ्यावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांच्यात करार झाला. नेपाळची वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात जाऊ लागली. फक्त ४० मेगावॅट, तीही पावसाळ्याच्या महिन्यांत. एवढ्याशा विजेसाठी तीन देशांना वर्षानुवर्षं बोलणी करावी लागली, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणि 'आपल्यापुरती आपली' वीज म्हणजे नक्की कोणाची? आयात कोळशावर किंवा जहाजातून आलेल्या एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) चालणारं केंद्र आपल्या जमिनीवर असेल, इंधन आपलं नसतं. २०२२ मध्ये एलएनजीचे भाव भडकले तेव्हा बांगलादेशात भारनियमन करावं लागलं. तिथे शेजाऱ्याने बटण दाबलं नव्हतं.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो, आणि तो या मजकुरात नाही. तार जोडली की वीजच नव्हे, शेजाऱ्याचे भावही आत येतात. दक्षिण नॉर्वेतल्या लोकांनी २०२१-२२ मध्ये ते सोसलं. घरगुती बिलांचा भार सरकारला उचलावा लागला. युरोपीय संघाचे ऊर्जा-नियम स्वीकारायचे की नाहीत, या वादातून जानेवारी २०२५ मध्ये तिथली सत्ताधारी आघाडी फुटली. त्या ग्राहकांचा राग खरा आहे. निर्यातीतून आलेल्या पैशातला वाटा त्यांच्या बिलात वजा होऊन दिसायला हवा, आणि प्रत्येक नव्या करारात तो आधीच लिहिलेला असायला हवा. यावर कुणी भांडत असेल तर मी त्याच्या बाजूने उभा आहे.