दोन पानं सुविधा आणि समोरचं मैदान

नवी मुंबईत सध्या पुनर्विकासाचे वारे आहेत. वाशीच्या सेक्टर नऊ-दहामधल्या सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) जुन्या इमारती पडतायत, तिथे टॉवर येतायत, आणि नेरूळच्या आमच्या सोसायटीतही बैठका सुरू झाल्यात. विकासकाचं माहितीपत्रक शाळेच्या ग्रुपवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. दोन पानं भरून नुसत्या सुविधा. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, बाग, पूल, योगा डेक, मिनी थिएटर, ज्येष्ठांसाठी कोपरा, कुत्र्यांसाठी दुसरा कोपरा. खाली एका मित्राने लिहिलं, ‘आता गेटबाहेर पडायची गरजच नाही.’ त्यावर टाळ्यांचा पाऊस. एका मैत्रिणीने विचारलं, ‘आणि समोरच्या मैदानाचं काय?’ तर उत्तर आलं, ‘मैदानात आता जातं कोण? आपलं सिंगापूर होतंय, होऊ दे की.’

हा टोला मला होता, कारण मी सिंगापुरात राहते. ग्रुपवर लिहायला गेले तर फार लांबलं, म्हणून इथे लिहिते आहे.

सिंगापूर म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर मरीना बे येतं. तीन टॉवर, वर जहाजासारखं छप्पर, त्यावर पोहण्याचा तलाव. ते हॉटेल आहे, तिथे पाहुणे राहतात. सिंगापूरकर राहतात एचडीबीच्या इमारतींत. दर दहा माणसांतली जवळजवळ आठ माणसं या सरकारी गृहनिर्माण मंडळाने, म्हणजे एचडीबीने, बांधलेल्या घरांत. हे मंडळ १९६०चं, आपली सिडको १९७०ची. शहर आधी कागदावर आखायचं आणि मग उभारायचं, हे दोन्हीकडे झालं. जमीन भाडेपट्ट्याने द्यायची, हेही दोन्हीकडे. त्यामुळे सिंगापूरशी तुलना करायचीच असेल तर नरीमन पॉइंटची करू नका, आमच्या नेरूळ-वाशीची करा. ती जास्त बोचते.

मी टोआ पायोहला भाड्याने राहते. जुनी वसाहत, एकासारख्या एक इमारती, रंग दर काही वर्षांनी बदलतो. सुरुवातीला कंपनीने दिलेलं घर कॉन्डोमध्ये, म्हणजे गेटच्या आतल्या खासगी संकुलात होतं. तिथे त्या माहितीपत्रकातलं झाडून सगळं होतं आणि शेजारी कोण राहतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. लिफ्टमध्ये सगळे मोबाइलमध्ये बघायचे. पूल बहुतेक वेळ रिकामाच. एचडीबीत आल्यावर पहिल्या आठवड्यात खालच्या आजीबाईंनी (इथे सगळ्यांनाच ‘आंटी’ म्हणतात) मला थांबवून विचारलं, ‘बारावा मजला ना? जेवण झालं का?’ बारावा मजला त्यांना कसा कळला, देव जाणे.

कळण्याची जागा म्हणजे इमारतीचा तळमजला. १९७०च्या दशकापासून इथल्या बहुतेक इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला असतो. नुसते खांब, बाकडी आणि बुद्धिबळाचा पट कोरलेली सिमेंटची टेबलं. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे भिंतीही नाहीत आणि गेटही नाही. रस्त्यावरचा कुणीही माणूस त्यातून आडवा चालत जाऊ शकतो आणि जातोच, कारण उन्हापावसात तोच जवळचा रस्ता. शनिवारी-रविवारी तिथे मलाय कुटुंबाचं लग्न लागतं, बिर्याणीची पातेली चढतात. पुढच्या आठवड्यात त्याच खांबांमध्ये पांढरा-निळा मांडव पडतो आणि कुणा चिनी आजोबांचा देह तीन-चार दिवस ठेवलेला असतो. नातेवाईक रात्रभर जागतात, शेंगदाणे सोलतात. आपण भाजीची पिशवी घेऊन बाजूने जातो. ‘आमच्या इमारतीखाली मर्तिक नको’ असं म्हणायची सोयच नाही, कारण आपल्याकडचं कधीतरी तिथेच व्हायचं असतं. निवडणुकीत कितीतरी ठिकाणी मतदान केंद्रही तिथेच असतं.

माहितीपत्रकात ही ‘सुविधा’ कशी लिहिणार? ‘तळमजल्यावर रिकामी जागा’ असं लिहिलं तर घर विकलं जाणार नाही.

दुसरी गोष्ट हॉकर सेंटरची. रस्त्यावर गाड्या लावणाऱ्या विक्रेत्यांना सरकारने मुख्यतः १९७० आणि ८०च्या दशकांत छताखाली आणलं. पाणी दिलं, गटार दिलं, परवाना दिला आणि वस्तीच्या मधोमध जागा दिली. २०२०मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्याचा इथे केवढा अभिमान. मला महत्त्वाचं वाटतं ते तिथलं टेबल. जागा अडवायची तर लोक टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवतात आणि रांगेत जातात. परत येईतो समोरच्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असतं. तुमच्यासमोर बँकेतला साहेब असेल किंवा जिने पुसणारी बाई. दोघांच्याही पुढ्यात तेच नूडल्स, त्याच किमतीचे.

आता गावाकडे येते. गाव म्हणजे नेरूळच, आमचं दुसरं गाव नाही.

सिडकोच्या आराखड्यात हे सगळं होतं, हे मला पुनःपुन्हा सांगावंसं वाटतं. सेक्टर पाडले, ते चालत जाण्याजोगे. सेक्टरात शाळा, बाजार, मैदान, समाजमंदिर यांना जागा ठेवल्या. या शहराची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक चार्ल्स कोरिया. त्यांनी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज बांधलं, तिथे सात घरांमागे एक अंगण आणि तीन अंगणांमागे मोठं मोकळं आवार असा हिशोब केला. माणसाने किती पावलांवर दुसऱ्या माणसाला भेटावं, याचा विचार करून आखलेलं शहर आहे हे. अशा शहरात वाढलेल्या माझ्या मित्राने गेटबाहेर पडायची गरज नाही म्हणून टाळ्या वाजवाव्यात, याचा राग येतो.

‘मैदानात जातं कोण?’ याचं सरळ उत्तर असं की आमच्या वेळी गावठाणातली मुलं यायची. ही जमीन ९५ गावांची होती. शेतं आणि मिठागरं गेली, मधे गावठाणं उरली आणि भोवती आम्ही सेक्टरवाले येऊन बसलो. सारसोळे, करावे, दारावे, शिरवणे ही नावं आम्हाला बसच्या पाटीवरून माहीत. आमच्या शाळा वेगळ्या, बोली वेगळी. त्यांच्या गावदेवीच्या जत्रेला आम्ही पाहुण्यासारखे, पाळण्यात बसून परत. एकत्र यायची जागा एकच, समोरचं मैदान. तिथे कबड्डीत आगरी-कोळी पोरं आम्हाला उचलून आपटायची आणि क्रिकेटमध्ये आम्ही आमच्या बॅटच्या जोरावर पहिली बॅटिंग घ्यायचो. फार प्रेमाचं वातावरण होतं असं नाही, भांडणं व्हायची. पण मला नावानिशी ओळखणारी गावठाणातली जी चार माणसं आज आहेत, ती तिथली आहेत. पोडियमवर ती येणार कशी? गेटवरचा वॉचमन मोबाइल नंबर लिहून घेईल, फ्लॅटमध्ये फोन करून विचारेल. त्या वॉचमनची मुलं तरी कुठे खेळणार?

हे नुसतं आठवणींचं रडगाणं वाटत असेल तर घणसोली बघा. सरकारी क्रीडा संकुलासाठी तिथली सुमारे २० एकर जागा २००३मध्ये राखून ठेवली होती. पुढे त्यातला भाग खासगी बांधकामासाठी दिला गेला आणि २०२१मध्ये राज्य सरकारने संकुलच रायगड जिल्ह्यात माणगावजवळच्या नाणोरे गावी हलवायचं ठरवलं. अंतर ११५ किलोमीटर. ऐरोलीच्या पोराने शाळा सुटल्यावर सरावाला माणगावला जायचं! वास्तुविशारदांच्या संघटनेचं नवी मुंबई केंद्र कोर्टात गेलं आणि जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ज्या मित्राला सिंगापूर हवंय त्याने हे लक्षात घ्यावं, की इथे सिंगापुरात टॅम्पिनीसला भर वस्तीत फुटबॉलचं मैदान, पोहण्याचे तलाव, वाचनालय, खाण्याचे गाळे आणि सरकारी खिडक्या एका आवारात बांधल्यात. ती जागा विकली असती तर किती पैसे आले असते, याचा हिशोब सिंगापूरकरांनाही करता येतोच.

आता दुसरी बाजू, कारण इथे राहून सिंगापूरच्या आरत्या ओवाळणाऱ्यांतली मी नाही.

त्याच व्हॉइड डेकच्या खांबावर पाटी असते, फुटबॉल खेळू नये. सायकल चालवू नये, आवाज करू नये, अशा पाट्यांची रांग असते. लग्न असो वा अंत्यविधी, नगर परिषदेची परवानगी आणि शुल्क. नव्या वसाहतींत हे तळमजले आक्रसत चाललेत, त्याऐवजी मधे एखादा मंडप बांधून देतात. इथली ‘सगळ्यांसाठी’ची व्याख्याही अपुरी आहे. या इमारती बांधणारे तमिळ आणि बांगलादेशी मजूर वस्तीपासून दूर डॉर्मिटरीत राहतात, रविवारी ‘लिटिल इंडिया’च्या गवतावर बसतात. आणि सर्वांत खटकतं ते हे, की सगळं सरकारने दिलेलं. कम्युनिटी क्लबमध्ये ताय-चीपासून बेकिंगपर्यंत वर्ग आहेत, स्वस्त आहेत, छान चालतात. पण दहा माणसांना काही सुचलं आणि संध्याकाळी सुरू केलं, असं क्वचित घडतं. आधी फॉर्म. आमचा इथला गणपती भाड्याच्या हॉलमध्ये बसतो. आरती जोरात होते, मोदकही होतात. मिरवणूक रस्त्यावर काढायची म्हणजे परवानगीचा मोठा विषय, म्हणून ढोल हॉलमध्येच वाजवून आम्ही वेळेत खुर्च्या आवरून ठेवतो.

नेरूळमध्ये असं कुणाला विचारावं लागत नाही. आमच्या सेक्टरात महापालिकेचं ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र आहे. मूळ सोय म्हणजे चार वर्तमानपत्रं, कॅरम आणि पंखे. बाबा निवृत्त झाल्यावर जायला लागले. मग त्यांच्यातल्या एका माजी बँक अधिकाऱ्याने पेन्शनच्या कागदांची मदत सुरू केली, कुणी शेजारच्या मुलांना गणित शिकवू लागलं, एक मल्याळी काका रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन बसू लागले. हे कुठल्या योजनेत नव्हतं. संक्रांतीला आई आणि तिच्या मैत्रिणी बागेतल्या छत्रीखाली हळदीकुंकू करतात. त्यात आता तमिळ आणि पंजाबी बायका असतात, आणि विधवांना बोलवायचं की नाही यावर एकदा चांगलं कडकडून भांडण होऊन बोलवायचं ठरलेलं आहे. एवढा मोठा निर्णय एका बागेत झाला. क्लब हाउसच्या ‘मल्टिपर्पज हॉल’मध्ये तो झाला असता का? मला शंका आहे. तिथे सगळ्या एकाच उत्पन्नाच्या आणि बहुतेक एकाच मताच्या असतात.

अर्थात नवी मुंबईत याचा अतिरेकही आहे. मंडप रस्ता अडवतात, स्पीकरने काचा हादरतात, आणि ‘आमचं मंडळ’ म्हणजे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक. समाजमंदिराची किल्ली कुणा एकाच्या घरी असते आणि ती मागायला गेलं की चहा मिळतो, किल्ली मिळत नाही. २०२०मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकाचा कारभार होता, तेव्हा तर किल्ली कुणाकडे मागायची तेही कळत नव्हतं. मित्राला पोडियम आवडतो तो यामुळेच, हे मी समजू शकते. पोडियमवर दिवा लागतो, झाडू फिरतो, तक्रार केली तर मॅनेजर येतो. बाहेरच्या बागेतला झोपाळा तुटला की तुटलेलाच राहतो.

पण तो झोपाळा तुटलेला राहतो याचं एक कारण आपण आत गेलो हेही आहे. आवाज करू शकणारी, अर्ज लिहू शकणारी, आयुक्तांना टॅग करणारी माणसं महिन्याला काही हजार मेन्टेनन्स भरून आपापल्या पोडियमवर गेली, की बाहेरच्या बागेच्या बाजूने बोलायला उरतं कोण? आणि बाग ओस पडली की उद्या हाच युक्तिवाद येतो, वापरात नाही, मग भूखंड विकायला काय हरकत. ‘मैदानात जातं कोण’ हे वाक्य निरागस नाही. भूखंड विकणाऱ्याचं अर्धं काम ते करून देतं.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या बैठकीसाठी माझे तीन प्रश्न, मैत्रिणीने हवे तर माझ्या नावाने विचारावेत. नव्या इमारतीचा रस्त्याकडचा तळमजला सगळा पार्किंगला जाणार आहे, की दहा बाकडी मावतील एवढा उघडा ठेवता येईल? मैदानाच्या बाजूची भिंत किती उंच, आणि त्यात मुलांना दिवसभर उघडं असं दार ठेवणार का? तिसरा प्रश्न विकासकाला नाही, आपल्यालाच. पोडियमच्या देखभालीला जेवढे पैसे द्यायला तयार आहोत, त्यातला थोडा वाटा समोरच्या मैदानाच्या दिव्यांसाठी आणि माळ्यासाठी महापालिकेशी करार करून द्यायला कोण कोण तयार आहे? आमच्या फ्लॅटचा वाटा मी बाबांकडून भरून घेते. ते कुरकुरतील, पण विरंगुळा केंद्रातून आणखी पाच जण घेऊन येतील.