सूर मुद्दाम पाडण्याची विद्या

मालवणजवळच्या आमच्या वाडीत संगीताचा कान नसलेला माणूस हवा असेल, तर तो दुसऱ्या तालुक्यातून आणावा लागेल. ज्याला पेटी येत नाही त्याला पखवाज येतो, ज्याला पखवाज येत नाही तो झांज धरतो, आणि ज्याला यांपैकी काहीच येत नाही तो डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या जुगलबंदीच्या, रात्री पुढे बसून दोन्ही बुवांच्या चुका मोजतो. अशा जाणकार वस्तीत राहून माऊथ ऑर्गनवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे दुःखाचे गाणे, शिकायला घेणे हे धाडसच होय. कारण या विद्येचा पहिला मोठा धडा चांगला लागलेला सूर मुद्दाम खाली पाडण्याचा आहे.

वाद्य दिसायला निरुपद्रवी असते. दहा छिद्रे, आणि प्रत्येक छिद्रामागे दोन पितळी रीड, म्हणजे थरथरणाऱ्या पातळ पात्या: एक फुंकल्यावर वाजणारी, दुसरी श्वास आत ओढल्यावर. सरळमार्गी माणसाने पांढरी एकचा, म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी हाच ज्याचा षड्ज असा, माऊथ ऑर्गन घेऊन पांढरी एकमध्येच वाजवावे. परंतु ब्लूजवाल्यांना सरळमार्गाचे वावडे. ते दुसऱ्या छिद्रातून श्वास ओढून पांढरी पाचला षड्ज मानतात, कारण तिथून लागणारे मोक्याचे सूर ओढून वाजतात आणि ते वाकवता येतात. मग त्यांची स्वरावली होते सा, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प आणि कोमल नी. यांतला कोमल गंधार आणि तीव्र मध्यम वाद्यात कुठेही तयार ठेवलेला नाही. तो वाजवणाऱ्याने जिभेच्या जोरावर पैदा करायचा असतो.

पैदा करण्याची रीत सांगायला सोपी आहे. श्वास ओढता ओढता तोंडात 'ई'चा आकार धरावा आणि आवाज न काढता तो 'ऊ'कडे न्यावा. जीभ मागे सरते, हवेची वाट बदलते, एकाच छिद्रातल्या दोन्ही रीड मिळून थरथरू लागतात आणि सूर खाली उतरतो. तिसऱ्या छिद्रात तर शुद्ध गंधाराखाली कोमल गंधार, शुद्ध रिषभ आणि कोमल रिषभ अशा तीन पायऱ्या दडलेल्या आहेत. मला पहिल्या पायरीवर थांबायचे असते आणि मी नेमाने तळाशी पोहोचतो. त्यातही जाणत्यांना नुसता कोमल गंधार पुरत नाही. कोमल आणि शुद्ध यांच्या मधली कुठली तरी जागा त्यांना हवी असते. ती जागा मी पडवीत बसून शोधत असताना शेजारच्या काकींनी कुंपणावरून चौकशी केली, "सकाळपासून रेडकू कित्याक आरडता रे? आवस खंय गेली तेची?"

गाडीची नक्कल हा या वाद्यावरचा जुना, मानाचा अभ्यास. अमेरिकेतले डीफोर्ड बेली यांनी 1920च्या दशकात रेडिओवरून आपल्या माऊथ ऑर्गनची आगगाडी घरोघरी पोहोचवली होती. माझी गाडी मात्र कोकण रेल्वेची असल्यामुळे वेग घेताच क्रॉसिंगला थांबते, आणि समोरची गाडी येईपर्यंत मी धापा टाकत बसतो. शिवाय वाजवण्याआधी चूळ भरावी, असे सगळे गुरू सांगतात, कारण खाल्लेल्याचे कण रीडमध्ये अडकतात. त्या गुरूंपैकी कोणी बांगड्याचे तिखले जेवून मग वाजवायला बसले असेल असे वाटत नाही. आमच्याकडे चूळ भरून भागत नाही, उपवासच करावा लागतो.

ब्लूजच्या कवितेची मात्र मला शिकवणी लागली नाही. बारा मात्रांच्या नव्हे, बारा आवर्तनांच्या चौकटीत पहिली ओळ म्हणायची, तीच जवळजवळ तशीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचे, हा तिचा रूढ साचा. आमचे एक बागायतदार काका रोज संध्याकाळी पारावर बसून कोणत्याही साथीशिवाय नेमके हेच करतात: "औंदा आंबो नाय. सांगतंय तुका, औंदा आंबो नाय. आणि जो आसा, तेका भाव नाय." लिटल वॉल्टरने 1950च्या दशकात शिकागोत माईक आणि माऊथ ऑर्गन एकाच ओंजळीत धरून जो हंबरडा फोडला, त्याला शोभेल असे दुःख आमच्याकडे दर हंगामाला ढगाळ हवेसकट तयार असते. कमी आहे ती फक्त वाजवणाऱ्याची.

खरी परीक्षा भजनी बुवांपुढे झाली. त्यांनी वाद्य उलटसुलट केले, आतल्या रीड पाहिल्या आणि ही पेटीच्याच कुळातली असल्याचा निर्वाळा दिला. मग मी तिसरे छिद्र ओढून सूर मींडीसारखा घसरवला. सूर होता तसाच होता, पण बुवांच्या भुवया वर गेल्या. "पेटयेक मींड जमणा नाय," ते म्हणाले, "आणि ह्या तोंडात घालूचा खेळणा मींड घेता?" त्यांच्या स्वरात कौतुक कमी आणि पेटीवर झालेल्या अन्यायाची चीड जास्त होती, तरीही त्यांनी मला एकादशीच्या भजनाला साथीला बोलावले. काळी चारमध्ये.

इथे ब्लूजवाल्यांचा आडमार्ग अंगाशी आला. काळी चारला षड्ज हवा असेल, तर माऊथ ऑर्गन काळी एकचा लागतो. पेटीवाल्याची बोटे पट्ट्यांवर सरकली की काम भागते; इथे पट्टी बदलली की वाद्यच नवे. काळी चारसाठी काळी एक मागवत आहे, हे सौभाग्यवतींना पटवून देताना मला घाम फुटला, पण वाद्य वेळेवर आले. एकादशीच्या आदल्या दिवशी बुवांचा निरोपही आला, की पावसाने घसा धरला आहे, भजन काळी तीनमध्ये होईल. मी हिशेब केला आणि आता पांढरी सातचा लागेल, असे शक्य तितक्या हळू आवाजात घरात सांगितले.

"अहो, मी बुवांना अडुळशाचा काढाच पाठवते," आतून उत्तर आले. "तो स्वस्त पडेल."