सोलापूरचं ऊन म्हणजे ऑटोक्लेव्ह नव्हे

घर बांधणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘कारखान्यात एएसी ब्लॉक उष्णता आणि दाबाने रात्रीत पक्के होतात. सोलापुरात मे महिन्यात ही भट्टी फुकट आहे. स्लॅबला दोन दिवस पाणी मारा, मग ऊन खाऊ द्या. वर विटा रचल्या की दाबही मिळतो.’

पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच माणसं फसतात. एएसी म्हणजे बारीक छिद्रांचे हलके बांधकाम ब्लॉक; ते ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद टाकीत वाफेवर पक्के होतात.

‘ऊन खाऊ द्या.’ वाळून कडक होते ती आपली कडक भाकरी. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं. पाणी उडालं की क्रिया थांबते. स्लॅब वरून टणक दिसतो, पण ताकद अर्धवटच राहते आणि भेगा पडतात त्या वेगळ्याच.

‘फुकटची भट्टी.’ इथे मुळातच घोळ आहे. ऑटोक्लेव्ह कोरडा नसतोच. त्या बंद टाकीत १८० ते १९० अंशांची संपृक्त वाफ १० ते १२ बार दाबाने कोंडलेली असते. उघड्यावर पाणी १०० अंशांच्या आसपास उकळून निघून जातं. दाबामुळे ते एवढ्या तापातही ब्लॉकच्या छिद्रांत टिकतं. त्या पाण्यात चुना आणि सिलिका एकत्र येऊन टोबरमोराइटचे स्फटिक बनतात, ब्लॉकची ताकद ती. सिलिका येते बारीक दळलेल्या वाळूतून किंवा औष्णिक वीज केंद्रांच्या राखेतून. फताटेवाडीला एनटीपीसीचं केंद्र आहेच, राख काय असते हे सोलापूरकरांना सांगायला नको. सिलिका न घालता नुसतं सिमेंट इतकं तापवलं तर ते उलट सच्छिद्र आणि कमजोर होतं. म्हणून खोल, तापलेल्या तेलविहिरींच्या सिमेंटमध्ये ३५ ते ४० टक्के सिलिकाचं पीठ मिसळतात. मे महिन्यातले ४३ अंश टोबरमोराइटसाठी फारच कमी, पण पाणी उडवायला भरपूर.

‘वर विटा रचा.’ वाफेचा दाब सगळीकडून सारखा असतो, विटांचा फक्त वरून. दोन दिवसांच्या स्लॅबवर ओझं टाकलं तर सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता आधार, खचेल, एवढंच.

‘दोन दिवस पाणी.’ काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटलाही (ओपीसी) कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस ओलावा हवा. राखमिश्रित सिमेंटला (पीपीसी) १४ दिवसांची शिफारस आहे. नळाला रोज पाणी येत नाही ही अडचण मात्र खरी. त्यावर उपाय म्हणजे स्लॅबवर छोटे बांध घालून शेतातल्यासारखे वाफे करा आणि त्यांत पाणी साठवा, नाहीतर भिजवलेलं गोणपाट अंथरून वर प्लॅस्टिक घाला.