कान दुखत होता, वजन केलं

लठ्ठपणाला आता आजार म्हणायचं, ही बातमी सगळ्यांनी वाचलेली होती, त्यामुळे प्रस्तावना कुणी केलीच नाही. दिन्या कट्ट्यावर टेकायच्या आधीच सुरू झाला.

"आता लठ्ठपणालाही आजार म्हणायचं! उद्या आळसाला म्हणा. साधं गणित आहे रे, कमी खा, जास्त हाला." एवढं बोलून त्याने मनगटावरच्या घड्याळात पावलं बघितली. दर दहा मिनिटांनी बघतो.

सुमी तोवर गप्प होती. म्हणाली, "दिन्या, तुला बीपीची गोळी कधीपासून?"

"झाली चार वर्षं. का?"

"इच्छाशक्ती कमी पडली म्हणून दिली का डॉक्टरांनी?"

"छे! माझं आनुवंशिक आहे. बाबांना होतं."

"मग माझं काय शेजाऱ्यांकडून आलंय?"

माधव एवढ्या जोरात हसला की समोरून जाणारा माणूस वळून बघायला लागला. पण सुमीचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतंच. वेगवेगळ्या घरांत वाढलेली एकसारखी जुळीसुद्धा मोठेपणी वजनाने एकमेकांच्या बरीच जवळ निघतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. १९९४ साली लेप्टिन हे चरबीतून निघणारं संप्रेरक सापडलं, तेव्हा कळलं की चरबी नुसती साठून बसत नाही, ती मेंदूला निरोप धाडते. भूक किती लागावी हे त्या निरोपांवरही ठरतं.

दिन्या हटेना. "पण लोक कमी करतातच ना! टीव्हीवर बघितलंय मी, स्पर्धेत किती किती किलो उतरवतात."

"त्यांचं पुढे काय झालं तेही वाच," माधव म्हणाला. "अशाच एका स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं होतं. २०१६ साली छापून आलं. बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलेलं. आणि शरीर नुसतं बसून जेवढी ऊर्जा जाळायला हवी, त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. तू गणित घालतोस खरा, पण वजाबाकीतला आकडाच शरीर बदलतं."

आता माधव सुमीच्या बाजूने बोलतोय असं वाटलं, तर तो लगेच उलटला. त्याची सवयच आहे ती. "पण सुमे, आजार म्हटलं की औषधवाल्यांना रान मोकळं. ती वजन उतरवायची सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं बघ. ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, मान्य. बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत!"

"दिन्याने गोळी बंद केली तर त्याचं बीपी परत येणार नाही? म्हणून बीपी आजार नाही का?"

"बरं, पण धडधाकट माणसालाही पेशंट करायचं?"

"ते नाहीच करायचं," सुमी म्हणाली. "लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये तेच सांगितलं ना. चरबीमुळे अवयव बिघडले, चालणं-फिरणं अडलं, तर आजार. तसं नसेल तर नुसता धोका, त्यावर लक्ष ठेवा. आणि एकट्या बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती या आकड्यावर, ठरवू नका, कंबर मोजा."

अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१३ मध्येच लठ्ठपणाला आजार म्हटलं होतं, तेही स्वतःच्याच समितीचा सल्ला डावलून. त्या समितीची अडचणसुद्धा हीच होती, की बीएमआय हे माप पुरेसं नाही.

मग सुमीने कानाची गोष्ट काढली. मला ती आधी माहीत नव्हती.

"दोन वर्षांपूर्वी कान ठणकत होता. रात्रभर झोप नाही. डॉक्टरांकडे गेले, तर बसायच्या आधीच म्हणाले, काट्यावर उभ्या राहा. मग वजनावर दहा मिनिटं भाषण. बीपी घ्यायला गेले तर पट्टा दंडाला पुरेना, गुंडाळला की फट्‌कन सुटायचा. तसाच दाबून धरला आणि म्हणाले, बघा, बीपीपण वाढलंय! अरे, पट्टा लहान असला की आकडा जास्तच येतो. कान बघितलाच नाही. दुसरीकडे गेले, तोवर पू झाला होता."

कुणी काही बोललं नाही. दिन्यासुद्धा घड्याळाकडे बघायचा थांबला. आजार म्हणा किंवा नका म्हणू, पण माणूस डॉक्टरकडे जायलाच घाबरायला लागला तर कसं व्हायचं? दोष देऊन कुणाचं वजन उतरल्याचं मी तरी बघितलेलं नाही, दवाखान्याची पायरी टाळणारे मात्र बघितलेत. आजार म्हटल्याने निदान तो दोष तरी उतरेल असं मला मनापासून वाटतं.

"मला सांगायचंस तरी," दिन्या पुटपुटला.

"तुला? कॉलेजात तीन वर्षं नाटकं बसवलीस आणि तिन्ही वर्षं मला मावशी केलंस. नायिकेचे संवाद पाठ होते मला!"

"आवाज दणदणीत होता तुझा म्हणून..."

"आवाज! तुझं वजन किती रे?"

"८४. पण..."

"उंची १७०." माधवने मोबाइल काढलाच होता. "बीएमआय २९. पंचविसाच्या वर म्हणजे जास्त वजन, दिनकरराव."

"ए, हे स्नायू आहेत!" दिन्याने बाही वर सारून दंड फुगवला. "बीएमआयला चरबी आणि स्नायू यातलं काय कळतं?"

"अरे, तासभर मी दुसरं काय सांगतेय!" सुमी कट्ट्यावर थाप मारून ओरडली.

हसून हसून माधव खाली घसरला. दिन्या दंड तसाच फुगवून उभा.

"ठरलं," सुमी डोळे पुसत म्हणाली, "पुढच्या नाटकात मावशी तू."