‘भाषा येते ना, मग झालं!’ नाही, होत नाही

नागपुरातल्या सर्व्हेवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. मला चौघांनी पाठवला, एकाने खाली ‘बरोबर आहे ना ताई?’ अशी पुस्तीही जोडली. मजकुराचा सार असा: निर्वासितांच्या संरक्षण कार्यक्रमाचं, म्हणजे त्यांना त्रास आणि हिंसेपासून वाचवण्याच्या कामाचं, मूल्यमापन म्हणजे काही रॉकेट सोडणं नव्हे. भाषा येणारी स्थानिक पोरं घ्या, संस्थेचेच कार्यकर्ते मिळाले तर उत्तम. फॉर्ममागे पैसे द्या म्हणजे काम पळतं. टॅबला जीपीएस असतो, घरी न जाताच फॉर्म भरण्याची चोरी होत नाही. ट्रेनिंगला एक दिवस पुरे.

पंधरा वर्षं मी सर्व्हेची माणसं निवडते आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी भाषा. धंतोलीत दुर्गापूजेला जाणारं, घरात बंगाली बोलणारं पोरगं गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याला पाठवून बघा. तिथल्या म्हाताऱ्या पूर्व पाकिस्तानातून आलेल्या. त्यांची बोली त्याला अर्धी कळेल आणि याची शुद्ध बंगाली ऐकून त्या ‘साहेब आले’ म्हणून पदर सावरून बसतील. स्थानिक पोरं हवीत हे मला मान्य आहे, गल्ल्या त्यांनाच ठाऊक असतात. पण गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी लोकांची नोर्गेलिंग वसाहत आहे. एवढ्या वस्तीत मुलाखत घेणारी मुलगी कुणाची तरी भाचीच निघणार. रेशनचं विचारायचं असेल तर भाची चालते. ‘घरात कुणी हात उगारतं का’ हे विचारायला ती चालत नाही. तिथे वसाहतीबाहेरची, भाषा जाणणारी दुसरी कुणी लागते आणि ‘हिच्याशी बोलायला चालेल ना?’ हे त्या बाईलाच विचारावं लागतं.

कार्यकर्त्यांचा मुद्दा सगळ्यात धोक्याचा. ज्याच्या सहीने मदत मिळते, त्याच्याच तोंडावर कोण सांगेल की मदत मिळाली नाही? 2002 मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमधल्या छावण्यांबद्दल जो अहवाल आला, त्यात मुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप मदत वाटणाऱ्यांवरच होते. समजा तिथे प्रश्नावली घेऊन तेच लोक फिरले असते, तर सगळ्या फॉर्मवर ‘तक्रार नाही’ आलं असतं आणि कार्यक्रम पहिल्या श्रेणीत पास झाला असता.

फॉर्ममागे पैसे दिले की काम पळतं, हे खरं. कुठे पळतं ते बघा. अशा प्रश्नावलीत ‘पोलिसांकडून त्रास झाला का?’ला ‘हो’ म्हटलं की पुढे दहा-बारा प्रश्न उघडतात, ‘नाही’ म्हटलं की थेट पुढचं पान. पोरांना हे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळतं. तिसऱ्या दिवसापासून सगळी वस्ती सुखी! म्हणून दिवसाची मजुरी द्यायची आणि रोज रात्री प्रत्येकाच्या ‘नाही’चं प्रमाण शेजारी शेजारी मांडून बघायचं.

आणि जीपीएस सांगतो की टॅब दारात होता. खोलीत सासू बसली होती का, हे तो सांगत नाही. त्यासाठी सुपरवायझरने काही घरी परत जाऊन साधे, न बदलणारे दोन-तीन प्रश्न पुन्हा विचारायचे असतात; नाजूक प्रश्न मात्र दुसऱ्यांदा काढायचे नाहीत. शिवाय तक्रार करणाऱ्याच्या घराचा ठावठिकाणा नेमका नोंदवून ठेवणं हीच एक जोखीम आहे. बांगलादेशात गोळा केलेली रोहिंग्यांची माहिती पुढे म्यानमार सरकारकडे गेल्याचं 2021 मध्ये उघड झालं. ज्या सरकारच्या भीतीने पळाले, त्याच्याच हाती नावं!

एका दिवसाचं ट्रेनिंग? संमती समजावायलाच अर्धा दिवस जातो. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे तिबेटी माणूस नोंदणी प्रमाणपत्रावर जगतो, नागपूरच्या जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेलं सिंधी कुटुंब दीर्घ मुदतीच्या व्हिसावर. 2025 च्या एप्रिलमध्ये पहलगामनंतर पाकिस्तान्यांचे व्हिसे रद्द झाले. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसे त्यातून वगळले होते, पण धास्ती काय वगळली जाते? अशा घरी टॅब घेऊन अनोळखी माणूस गेला की पहिला प्रश्न तेच विचारतात: ‘फॉर्म भरला तर नागरिकत्व लवकर मिळेल का?’ ‘नाही, आणि नाही भरला तरी तुमची मदत बंद होणार नाही,’ हे तिथल्या तिथे, न अडखळता सांगता आलं पाहिजे. बाई रडू लागली तर मुलाखत कुठे थांबवायची आणि कुणाचा फोन नंबर द्यायचा, हेही.

निवडीच्या वेळी मी प्रमाणपत्रं नंतर बघते. आधी एक सोंग लावते: मी घरातली बाई, नजर खाली, उत्तर एकच, ‘त्यांना विचारून सांगते.’ मागे समाजकार्यात एमए केलेला एक हुशार मुलगा लगेच म्हणाला, ‘म्हणजे तसा त्रास काही नाही ना, ताई?’ आणि खूण करून मोकळा. त्याच्यानंतर एक बाई आल्या, आधी गावात आशा सेविका म्हणून काम केलेल्या, बारावी पास. त्यांनी टॅब मांडीवर पालथा घातला, पाणी मागितलं, ते पीत बसल्या. मग म्हणाल्या, ‘मी उद्या याच वेळेला येऊ, की तुम्ही विहिरीवर जाता तेव्हा?’

त्यांना घेतलं. पदवी नाही म्हणून वरून दोनदा फोन आला.