तुळशीपाशी ओटीपी

आम्ही घरात कोकणीत भांडतो आणि जत्रेला मराठीत नाटकं करतो. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावाची ही जुनी रीत. नाटकांच्या हस्तलिखित वह्या, तालमींचे फोटो, देणग्यांची पावतीपुस्तकं असा मंडळाचा सगळा ऐवज खजिनदार या नात्यानं माझ्या ट्रंकेत पडून होता. गेल्या पावसात ट्रंक उघडली, तर वाळवीनं एका पौराणिक नाटकाचा तिसरा अंक फस्त केलेला. पहिले दोन तिनं सोडले होते. प्रेक्षकांनीही ते सोडलेच होते म्हणा.

भाच्यानं महिनाभर खपून उरलंसुरलं सगळं स्कॅन केलं. भरलं १२ जीबी. "मामा, आता क्लाऊडवर टाका. १५ जीबीपर्यंत फुकट आहे," एवढं सांगून तो पुण्याला निघून गेला.

आईनं विचारलं, "पावसात कागद भिजतात म्हणून ते ढगात ठेवायचे?"

वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस झेललेल्या बाईला ढगाचा भरवसा कुठल्या तोंडानं द्यायचा? मी गुपचूप कॉम्प्युटर लावला.

सॉफ्टवेअर डाउनलोड केलं. डबल क्लिक केलं, काही झालं नाही. पुन्हा केलं. पुन्हा. पुन्हा. मग चारही खिडक्या एकदम उघडल्या. तीन बंद करून चौथीत शिरलो, तर अटी आणि शर्ती. बत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस न वाचता सही करत नाही, म्हणून मी त्या खरोखरच वाचायला घेतल्या. तिसऱ्या पानावर सही केली.

पुढं प्रश्न आला: 'मिरर' की 'स्ट्रीम'? स्ट्रीम म्हटल्यावर मला घरामागचा व्हाळ आठवला. पावसात त्यात गेलेली चप्पल आजवर परत आलेली नाही. मिरर निवडला.

आणि मग ओटीपी. आमच्या घरात मोबाइलची रेंज येत नाही. ती येते अंगणात, तुळशीपाशी, तेही हात वर केला तर. धो धो पाऊस. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात आभाळाकडे धरलेला फोन, असा मी वृंदावनासमोर उभा राहिलो. आकडे आले की फोन भिजू नये म्हणून तो खिशात टाकायचा आणि आकडे पुटपुटत आत धावायचं. पहिल्यांदा उंबऱ्यावर ठेचकाळलो आणि शेवटचे दोन आकडे सांडले. दुसऱ्यांदा आत पोचेपर्यंत मुदत संपली. शेजारच्या मावशी कुंपणापलीकडून बघत होत्या. "एकादशी परवा ना रे?" त्यांनी विचारलं.

तिसऱ्या फेरीला आत शिरलो एकदाचा. आमच्या लाइनीचा अपलोडचा वेग ४ एमबीपीएस. १२ जीबीला ४ एमबीनं भागलं, पन्नास मिनिटं आली. चहा ठेवला. पन्नास मिनिटांनी पाहतो, तर कामाचा आठवा हिस्साही धड उरकलेला नाही. ते एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट, हे मला भाच्यानं फोनवर सांगितलं. म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. व्याजात असा आठपटीचा घोळ केला असता तर माझी पेन्शन अडकली असती. त्यात मध्ये दोनदा वीज गेली, पण माझं नशीब, काम थांबलं तिथूनच पुढं सुरू झालं.

रात्री सगळ्या फायलींवर हिरवी टिकली उमटली. कॉम्प्युटर मात्र जागा संपली म्हणून केव्हाचा लाल पट्टी दाखवत होता. आता वर सुरक्षित आहे तर खाली अडगळ कशाला? मी अख्खं फोल्डर डिलीट केलं. खिडकीत काहीतरी इशारा आला, त्याला 'ओके' म्हटलं. कामात कसूर नको म्हणून रिसायकल बिनही झाडून काढलं.

सकाळी भाच्याचा फोन. "मामा, क्लाऊडवर काहीच दिसत नाही!"

"असं कसं? मी फक्त इथलं पुसलं."

पलीकडं बराच वेळ शांतता. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मामा, तुम्ही नाटकात तोंडाला रंग लावता ना? तोंड धुतलं की आरशातला रंग राहतो का? हा आरसा आहे, ट्रंक नव्हे."

आई आतून ओरडली, "कितें जालें रे?" मी नाटकी खोकलो.

सुदैवानं क्लाऊडवरही कचऱ्याची टोपली असते आणि तिथं टाकलेलं ३० दिवस राहतं. फक्त वेबसाइटवर जाऊन ते उचलून आणायचं. आणि तिथं लॉगिन करायला, अर्थातच, ओटीपी.

पाऊस तसाच. छत्री घेऊन तुळशीपाशी गेलो, हात वर केला. मावशी या खेपेला कुंपण ओलांडून आल्या आणि डोक्यावर पदर घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. फोन वाजला.

"चार शून्य सात, दोन नऊ एक," मी पुटपुटलो.

मावशींनी हात जोडले.