‘मे महिन्यात भट्टी, जानेवारीत ओल’: तिघरा रोडवरच्या कंटेनर खोलीबद्दलच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार काका,

तिघरा रोडवरच्या शेतात आमच्याकडून बसवलेली वीस फुटी कंटेनरची खोली मे महिन्यात भट्टी होते, कूलर लावूनही जीव घाबरा होतो आणि जानेवारीत भिंतीतून पाणी पाझरतं, असं आपण दोन तारे देऊन लिहिलंत. शेवटी म्हटलंत, ‘हे थंड देशातलं खूळ ग्वाल्हेरच्या लोकांच्या गळ्यात मारू नका.’ आपलं नाव इथे घेत नाही. पण उत्तर सगळ्यांसमोर देतो, कारण आपल्या तक्रारीतलं बरंचसं खरं आहे आणि पुढच्या गिऱ्हाइकाने ते वाचायला हवं.

आधी ओलीचं. आपण टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. पांढऱ्या बोर्डावर दर दोन फुटांवर एक उभा, बोटभर रुंदीचा काळपट पट्टा. पाऊस असा मोजून मापून गळत नाही, तेव्हाच शंका आली. गेल्या रविवारी सकाळी येऊन काकूंसमोरच एक बोर्ड उघडला. आतलं ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचं अस्तर, भिजून खाली बसलं होतं, वरचा वीतभर पत्रा उघडा पडला होता आणि त्यावर आतल्या अंगाने थेंब लोंबत होते. पट्टे जिथे होते, बरोबर तिथेच मागे बोर्ड धरणारे आमचे बॉक्स पाइप, म्हणजे चौकोनी पोलादी नळ्या, थेट पत्र्याला वेल्ड केलेल्या.

पत्र्याला घाम सुटला होता. कंटेनरच्या भिंतीचा पत्रा फक्त 1.6 मिलिमीटर जाड. ग्वाल्हेरच्या जानेवारीत रात्री बाहेर चार-पाच अंश आणि कोहरा, म्हणजे पत्राही तेवढाच गार. आत हीटर लावून आपण दोघं झोपलेले. खोली 20 अंशांवर असेल आणि हवेत 60 टक्के दमटपणा असेल, तर 12 अंशांहून गार असलेल्या कुठल्याही जागी दव धरतं. दोन माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्ध्या लिटरहून जास्त वाफ बाहेर पडते. ती सांध्यांतून ग्लासवूलमध्ये शिरली आणि पत्र्यावर पाणी होऊन उतरली. बॉक्स पाइपांनी बाहेरची थंडी सरळ बोर्डापर्यंत आणली, कारण पोलाद विटेच्या साठ-सत्तर पट उष्णता वाहून नेतं. ग्लासवूल स्वस्त पडतं म्हणून आम्ही ते वापरलं आणि वाफ अडवणारा थर दिला नाही. चूक पूर्णपणे आमची.

जुन्या फ्लोअरिंगच्या वासाचाही उल्लेख आहे. कंटेनरच्या मूळ प्लायवुडला कीटकनाशक लावलेलं असतं, म्हणून ते आम्ही काढूनच टाकतो. आपल्याकडेही काढलं होतं. वास ओल्या ग्लासवूलचा आहे.

आता उन्हाळ्याचं. इथे माझी आणखी एक चूक आहे, जी आपण लिहिलेली नाही. जूनमध्ये ग्वाल्हेरला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा छत तापतं, आणि सकाळ-संध्याकाळी पूर्व-पश्चिमेच्या भिंती. म्हणून डब्याच्या लांब भिंती उत्तर-दक्षिणेला हव्यात. आपला डबा नेमका उलटा बसलाय. त्या दिवशी हायड्रा क्रेन बांधावरून आत येईना. तो जिथे उभा राहिला, तिथून जसा उतरवता आला तसा आम्ही डबा उतरवला. सूर्य कुठून कुठे जातो हे त्या घाईत कोणी पाहिलं नाही, आणि ते पाहणं माझं काम होतं.

कोटेशनमध्ये दुहेरी छताची ओळ होती. खर्च कमी करायला ती आपण काढायला सांगितलीत आणि गडद निळा रंगही आपणच पसंत केलात. दोष आपल्यावर ढकलण्यासाठी हे सांगत नाही. आपण विचारलंत, ‘काढली तर चालेल ना?’ आणि मी ‘चालेल’ म्हणालो. चालत नाही. उघड्या शेतात, झाडाची सावली नसताना, ग्वाल्हेरमध्ये मुळीच चालत नाही.

माझं लहानपण ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, पाटौर म्हणतात तशा जुन्या दगडी घरात गेलं. दीड हात जाडीच्या दगडी भिंती, वर पटियांचं, म्हणजे दगडी फरशांचं छत. दुपारची झळ आत पोचेपर्यंत रात्र व्हायची. किल्ल्यावरच्या मानमंदिर महालातही उन्हाळ्यासाठी जमिनीखाली दोन मजले काढलेले आहेत. आपल्याकडच्या बांधकामाचं सगळं शहाणपण त्या जाडपणात आहे, आणि कंटेनरकडे नेमकं तेच नाही. 50 मिलिमीटर पफचा, म्हणजे फवारून फुगणाऱ्या फोमचा थर उष्णता अडवण्यात मीटरभराहून जाड विटेच्या भिंतीची बरोबरी करतो, पण दगडासारखी ती पोटात धरून ठेवत नाही. खिडकीतून ऊन आत आलं की खोली लगेच तापते. म्हणून इथे आधी सावली, मग अस्तर.

कूलरबद्दल: लू चालू असताना हवा कोरडी असते, तेव्हा कूलर उत्तम काम करतो, पण हवा बाहेर जायला समोर वाट लागते. आम्ही एकाच बाजूला खिडकी दिली, कारण नालीदार भिंत कापली की तिची ताकद जाते आणि प्रत्येक कापाला चौकट वेल्ड करावी लागते. तो खर्च वाचवायला नको होता.

पण ‘थंड देशातलं खूळ’ हे मला पटत नाही. अंटार्क्टिकावरचं आपल्या देशाचं भारती स्थानक 2012 मध्ये सुरू झालं, ते 134 कंटेनर जोडून उभारलेलं आहे. नुसते डबे मात्र तिथेही ठेवलेले नाहीत, त्यांच्यावरून सबंध इन्सुलेशनचं बाह्य कवच चढवलेलं आहे. थंडीतही उघडा डबा राहण्यालायक नसतोच. उलट समुद्रकाठी मी स्वतःच नको म्हणतो. कंटेनरच्या पोलादावर धरणारा गंजाचा थर एरवी आतल्या पत्र्याला राखतो, खाऱ्या हवेत तो टिकत नाही. रत्नागिरीहून नात्यातल्या एकाने विचारलं तेव्हा जांभ्याचं बांधा म्हणून सांगितलं.

आता आपल्या खोलीचं. सगळे बोर्ड काढून पत्र्याला चिकटून बसणारा पफ फवारू, पाइपांवरही, कुठे फट न ठेवता. समोरच्या भिंतीत वरच्या अंगाला चौकटीसह खिडकी काढू. छताला पांढरा रंग देऊ. हे सगळं आमच्या खर्चाने. वर दीड फूट पोकळी सोडून पत्र्याचं दुसरं छत आणि पश्चिमेला चार फुटांची पडवी, याचे फक्त सामानाचे पैसे घेईन, मजुरी नाही. पडवीवर मधुमालती चढवलीत तर आणखी बरं. यापुढे ग्वाल्हेरच्या कोणत्याही कोटेशनमधून दुहेरी छताची ओळ निघणार नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

येत्या शनिवारी आठ वाजता मी दोन वेल्डर घेऊन येतो. काकूंना सांगून सामान मधोमध करून ठेवा. आपला अभिप्राय काढू नका. मी दोन थर्मामीटर आणतो, एक आत, एक बाहेर. मे महिन्यात दुपारी तीनला जे आकडे दिसतील, ते आपल्या हाताने इथेच लिहा.